पाठीतलं पाणी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



आकाशवाणीचं बोलावणं आलं की ते कविता वाचण्यासाठी असतं, ही इतक्या वर्षांची सवय. या वेळी मीच म्हणालो, कविता पुन्हा कधीतरी वाचू, मला एका आजाराविषयी बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, कविता लिहिणारा साधा माणूस आहे. पण या आजारानं आमच्या घरातून काही कायमचं नेलं. तेव्हापासून मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत आलो, डॉक्टर मित्रांना विचारत आलो. त्यातलं जे पक्कं ठाऊक आहे, तेवढंच आज तुमच्यापुढे ठेवतो.

गोष्ट १९७९ सालची. शेवगाव तालुक्यातलं आमचं गाव. अब्बा शिलाईकाम करत. मी दहा वर्षांचा आणि माझी धाकटी बहीण सहा वर्षांची. एका रविवारी संध्याकाळी तिला ताप भरला. उन्हाळ्याचे दिवस होते, ऊन लागलं असेल म्हणून अम्मीनं कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या. सोमवारी तिला उलट्या सुरू झाल्या. डोकं दुखतंय म्हणून ती रडत होती आणि दाराचा उजेड डोळ्यांवर आला की तोंड फिरवत होती. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं दर्ग्यावरून पाणी दम करून आणा. अब्बांनी पाणी आणलं. गावातल्या दुकानातून तापाच्या गोळ्याही आणल्या. मंगळवारी सकाळी ती नीट हाक देईना. अम्मीनं तिला मांडीवर घेऊन दूध पाजण्यासाठी मान पुढं केली, तर मान वाकेच ना. लाकडासारखी ताठ झाली होती.

तेव्हा कुठं एस.टी.नं आम्ही नगर गाठलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या मानेखाली हात घालून ती उचलून पाहिली आणि म्हणाले, "मेंदूच्या आवरणाला सूज आली असावी. इंजेक्शनं सुरू करतो. पण नक्की काय आहे ते कळायला पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल. इथं सही करा."

अब्बांनी सही केली नाही.

शेजारच्या खाटेवरच्या रोग्याचे नातेवाईक त्यांना बाजूला घेऊन सांगत होते, "भाई, काहीही करा, पण पाठीत सुई टोचू देऊ नका. आमच्याकडच्या एकाचं पाणी काढलं आणि तो गेला. वाचली तरी पोर जन्माची लुळी होईल." अब्बा रात्रभर व्हरांड्यात बसून राहिले. बुधवारी दुपारी तिला झटके आले, तेव्हा त्यांनी थरथरत्या हातानं सही केली. काढलेलं पाणी डॉक्टरांनी काचेच्या नळीत धरून त्यांना दाखवलं. ते पाण्यासारखं नितळ हवं होतं. ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं. तपासणीचा निकाल आला, औषध बदललं, आणि हळूहळू बहीण शुद्धीवर आली. तीन आठवड्यांनी ती चालत घरी आली. लुळी झाली नाही.

पण तिला ऐकू येत नव्हतं. ते आम्हाला तीन महिन्यांनी कळलं.

या आजाराचं नाव मेनिंजायटिस. पुस्तकी मराठीत मस्तिष्कावरणशोथ. हा शब्द उच्चारून होईपर्यंत रोगी दवाखान्यात पोचलेला बरा, इतका तो लांब आहे! बोलताना आपण 'मेंदूज्वर' म्हणतो, किंवा 'ताप डोक्यात गेला' म्हणतो. पण मेंदूज्वर या एका शब्दात दोन वेगळे आजार जाऊन बसले आहेत. मेंदूलाच सूज येते तो एक, त्याला एन्सेफलायटिस म्हणतात. आपल्या महाराष्ट्रातलं त्याचं उदाहरण म्हणजे चांदिपुरा विषाणू. नागपूरजवळच्या चांदिपुरा गावावरून त्याला हे नाव पडलं. १९६५ साली पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं तो शोधला. तो वाळूमाशी नावाच्या बारीक माशीमुळे पसरतो. दुसरा आजार म्हणजे मेंदूवरच्या आवरणांना येणारी सूज, हा मेनिंजायटिस. कधी कधी दोन्ही एकत्रही होतात. आज मी मुख्यतः आवरणांच्या सुजेबद्दल बोलतो आहे.

भिजवलेल्या बदामाला जशी साल असते, तशी मेंदूला आवरणं असतात. पण एक नाही, तीन. बाहेरचं जाड, मधलं कोळ्याच्या जाळ्यासारखं तलम आणि आतलं मेंदूला चिकटून असलेलं पातळ. आतल्या दोन आवरणांच्या मधून एक नितळ पाणी खेळत असतं. मेंदू त्या पाण्यात तरंगत असतो म्हणा ना. धक्का बसला तर हे पाणी तो झेलतं. हीच आवरणं आणि हेच पाणी मेंदूपाशी संपत नाहीत. मानेतून, पाठीच्या कण्यातून मज्जारज्जूभोवती कमरेच्या खालपर्यंत जातात. हे लक्षात घेतलं की दोन कोडी सुटतात. पहिलं, मान का ताठते? कारण मान पुढं वाकवली की सुजलेली आवरणं ताणली जातात, असह्य दुखतं आणि शरीर आपोआप मान आवळून धरतं. दुसरं, आजार डोक्यात असताना पाणी पाठीतून का काढायचं? कारण ते पाणी एकच आहे. विहिरीचं पाणी कसं आहे हे पाटात ओंजळ घालून कळतं, तसं.

ही सूज येते कशानं? बहुतेक वेळा जंतूंमुळे, पण जंतूंचे प्रकार वेगवेगळे आहेत, आणि सगळा फरक तिथंच आहे. विषाणूंमुळे येणारी सूज बऱ्याचदा सौम्य असते. विश्रांती आणि साध्या उपचारांनी रोगी बरा होतो. जिवाणूंमुळे येणारी सूज मात्र तासातासाला वाढते. तीन नावं इथं महत्त्वाची: मेनिंगोकॉकस, न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी, म्हणजे ज्याला डॉक्टर थोडक्यात 'हिब' म्हणतात. यातले जंतू पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकाघशात मुकाट राहत असतात. खोकताना, शिंकताना, अगदी जवळ राहिल्यानं ते दुसऱ्याकडे जातात. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याच्या रक्तात ते शिरतात आणि आवरणांपर्यंत पोचतात. वाहणाऱ्या कानातून किंवा डोक्याला मार लागून हाड तडकल्यावरही जंतूंना आत वाट मिळते. आपल्याकडे 'पोराचा कान फुटलाय, मोठा झाला की थांबेल' असं सर्रास म्हणतात. कृपा करून असं म्हणू नका. वाहता कान डॉक्टरांना दाखवा. अगदी नवजात बाळांना आईच्या मार्गातल्या जंतूंमुळेही हा आजार होतो. एच.आय.व्ही.सारख्या आजारानं ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे, त्यांना बुरशीमुळेही होतो.

आणि चौथं नाव आपल्या देशात विसरून चालत नाही, ते म्हणजे क्षयाचं. टी.बी. म्हटलं की आपल्याला खोकला आणि छातीच आठवते. पण तोच जंतू मेंदूच्या आवरणांवरही जाऊन बसतो. त्याची चाल वेगळी. तो घाई करत नाही. मूल दोन-तीन आठवडे किरकिरं होतं, जेवत नाही, वजन उतरतं, बारीक ताप राहतो, अधूनमधून उलटी होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. आईवडिलांना वाटतं, जंत झाले असतील, चष्मा लागला असेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या नववीतल्या एका मुलीचं असंच झालं. डोकं दुखतं म्हणून आधी चष्मा आणला, मग शाळा चुकवायचं निमित्त ठरवलं. एके दिवशी तिला एकाच्या जागी दोन दिसू लागले आणि ती वर्गातच गळून पडली. दवाखान्यात पाठीतल्या पाण्याचा विषय निघताच तिच्या आजीनं रडारड सुरू केली. तिच्या वडिलांनी मला फोन केला, "चाचा, तुमच्या घरी झालं होतं ना असं? काय करू?" मी रात्री अकराला तिथं गेलो. आजीच्या शेजारी बसून तिला माझ्या अब्बांची ती रात्र सांगितली. सही झाली. पाण्यात क्षयाचा जंतू सापडला. गोळ्या सुमारे वर्षभर चालल्या, एकही दिवस न चुकवता. ती मुलगी आज कॉलेजात आहे.

मग ज्या सुईला आपण इतके घाबरतो, तिचं नेमकं काय होतं ते ऐका. रोग्याला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवतात किंवा पुढं वाकवून बसवतात. कमरेची जागा औषधानं स्वच्छ करतात, बधिर करतात. मग दोन मणक्यांच्या मधून बारीक सुई आत घालून थेंब थेंब पाणी नळीत घेतात. लोकांना वाटतं, सुई मज्जारज्जूत घुसते आणि माणूस लुळा होतो. पण मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये. तिथं फक्त पाणी आणि त्यात मोकळे लोंबणारे मज्जातंतू असतात. दुसरी भीती, पाणी काढलं तर मेंदू कोरडा पडेल. मोठ्या माणसात हे पाणी एका वेळी दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतं, आणि शरीर रोज सुमारे पाचशे मिलिलिटर नवं पाणी तयार करत असतं. तपासणीला लागतं ते चमचा-दोन चमचे. काही तासांत ते भरून निघतं.

त्रास मुळीच होत नाही असं मी म्हणणार नाही. काहींचं डोकं एक-दोन दिवस दुखतं, कंबर ठणकते. आणि मेंदूतला दाब फार वाढल्याची शंका असेल, किंवा रक्त गोठण्याची अडचण असेल, तर डॉक्टर स्वतःच आधी सी.टी. स्कॅन करतात, सुई पुढं ढकलतात, कधी टाळतातही. पण औषधं त्यासाठी थांबवत नाहीत. ती आधी सुरू करतात.

मग 'पाणी काढलं आणि तो गेला' हे लोक का म्हणतात? खोटं बोलत नाहीत ते. त्यांनी तसं पाहिलेलं असतं. पण हा आजारच जीव घेणारा आहे. घरचे दोन दिवस नको म्हणतात, तिसऱ्या दिवशी रोगी बेशुद्ध झाला की हो म्हणतात. तोवर उशीर झालेला असतो. रोगी दगावतो, आणि शेवटी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट म्हणजे ती सुई. दोष तिच्यावर जातो. ती गोष्ट मग गावात फिरते आणि पुढच्या बापाचा सहीचा हात धरते.

पाण्यात दिसतं काय? आधी नुसत्या डोळ्यांनी, ते नितळ आहे की गढूळ. मग त्यातल्या पेशी मोजतात, साखर आणि प्रथिनं मोजतात, जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, वाढवून पाहतात. क्षयाचा संशय असेल तर जंतूंचा अंश ओळखणारी नवी यंत्रं आता आली आहेत. विषाणू असेल तर कदाचित फारसं औषध लागणारही नाही. जिवाणू असेल तर शिरेतून प्रतिजैविकं द्यायची, जंतू पाहून पाच-सात दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत. त्यासोबत सूज आवरण्यासाठी बऱ्याचदा स्टेरॉइडही देतात. क्षय असेल तर वर्षभराच्या गोळ्या. बुरशी असेल तर औषधंच निराळी. म्हणजे ते चमचाभर पाणी नसेल तर डॉक्टरांना अंधारात सुईत दोरा ओवावा लागतो. माझे अब्बा शिंपी होते. हे असं सांगितलं असतं, तर त्यांना त्याच रात्री पटलं असतं.

हे पाणी काढण्याची रीत काही कालची नाही. १८०५ साली जिनिव्हात या आजाराची साथ आली, तेव्हा व्ह्यूस्यू नावाच्या डॉक्टरांनी त्याचं पहिलं नीट वर्णन लिहून ठेवलं. १८८७ साली व्हिएन्नात वाइक्सेलबाउम यांनी मेनिंगोकॉकस जंतू शोधला. १८९१ साली जर्मनीत क्विंके यांनी कमरेतून पाणी काढण्याची पद्धत रूढ केली. म्हणजे ही सुई सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. प्रतिजैविकं येण्याआधीच्या काळात फ्लेक्सनर नावाच्या अमेरिकन संशोधकानं घोड्याच्या रक्तापासून तयार केलेला रक्तरस याच सुईवाटे आत सोडून पुष्कळ रोगी वाचवले. नंतर पेनिसिलिन आलं, क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिन आलं, आणि ज्या आजारात जवळपास सगळेच जात, त्यात माणसं उठून घरी येऊ लागली. तरीही जागतिक आरोग्य संघटना सांगते की जिवाणूंचा मेनिंजायटिस झालेल्या सहा जणांतला एक आजही दगावतो आणि पाचांतल्या एकाला काही ना काही कायमचं व्यंग राहतं. ऐकू न येणं, झटके, दृष्टी जाणं, अंगाची एक बाजू लुळी पडणं. लुळेपणा येतो तो आजारानं, सुईनं नव्हे.

लसीची गोष्टही सांगायला हवी. २००८ साली मी अम्मीला घेऊन हजला गेलो. जाण्याआधी नगरला यात्रेकरूंच्या लसीकरणाच्या शिबिरात रांगेत उभा होतो. पोलिओचे थेंब दिले, मग दंडावर एक इंजेक्शन. मी विचारलं, "ही कशाची?" डॉक्टर म्हणाले, "मेनिंजायटिसची. हिच्या दाखल्याशिवाय तिकडं प्रवेश नाही." मी रांगेतच क्षणभर थांबलो. ज्या आजाराचं नाव आमच्या घरात एकोणतीस वर्षं कुणी मोठ्यानं घेत नव्हतं, त्याची लस अम्मी निमूट दंडावर घेत होती. १९८७ साली हजच्या गर्दीत मेनिंगोकॉकसची साथ उठली आणि यात्रेकरूंबरोबर देशोदेशी गेली. तेव्हापासून लस सक्तीची झाली. २००० आणि २००१ साली याच जंतूच्या दुसऱ्या प्रकारानं पुन्हा डोकं वर काढलं, म्हणून पुढं चार प्रकारांवर एकत्र चालणारी लस आली. लाखो माणसं जिथं खांद्याला खांदा लावून राहतात, तिथं हा जंतू फावतो. म्हणून वसतिगृहं, सैनिकांच्या बराकी यांनाही धोका अधिक. दिल्लीत १९८५ आणि २००५ साली अशा साथी येऊन गेल्या.

या लढ्यात आपल्या शेजारच्या पुण्याचं नाव फार मोठं आहे, आणि ते आपल्याला फारसं ठाऊक नसतं. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत एक पट्टा आहे, त्याला मेनिंजायटिसचा पट्टाच म्हणतात. कोरड्या धुळीच्या हंगामात तिथं साथी येत. १९९६-९७च्या साथीत अडीच लाखांवर माणसं आजारी पडली, पंचवीस हजार गेली. श्रीमंत देशांतल्या कंपन्यांची लस त्या गरीब देशांना परवडणारी नव्हती. त्यांचं म्हणणं होतं, अर्ध्या डॉलरच्या आत लस द्या. ते काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' या संस्थेबरोबर केलं. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो देशात ती लस टोचायला सुरुवात झाली. पुढच्या काही वर्षांत तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली, आणि तिथल्या साथींचं मुख्य कारण असलेला 'ए' प्रकारचा मेनिंगोकॉकस त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला. आता त्याच संस्थेची पाच प्रकारांवरची लस आली आहे. मार्च २०२४ मध्ये नायजेरियानं ती सर्वांत आधी वापरली. नगरहून तीन-चार तासांवर तयार झालेल्या औषधानं सहाराच्या काठावरची मुलं वाचतात, हे ऐकून ऊर भरून येतो.

पण मग आपल्या मुलांचं काय? तर त्यांच्यासाठी लस सरकारी दवाखान्यात, अंगणवाडीत फुकट मिळते. जन्मल्यावर बी.सी.जी. टोचतात, तिचा वण डाव्या दंडावर राहतो. ती लहान मुलांना क्षयाच्या मेनिंजायटिसपासून मोठं संरक्षण देते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट देतात. त्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ यांच्याबरोबर 'हिब'ची लस असते. २०११च्या अखेरीस केरळ आणि तमिळनाडूत तिची सुरुवात झाली, पुढं ती महाराष्ट्रासह देशभर आली. न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आणि २०२१ पासून देशभर मिळू लागली. ती सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशी घ्यायची. माझ्या बहिणीच्या वेळी 'हिब' आणि न्यूमोकॉकसच्या या लसी आपल्याकडे नव्हत्या. आज आहेत.

पाथर्डी, शेवगावकडची कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पाचटाच्या कोपीत चार-पाच माणसं दाटीवाटीनं राहतात, आणि नेमका त्याच महिन्यांत तान्ह्या बाळाचा डोस राहून जातो. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: लसीकरणाचं कार्ड ट्रंकेत ठेवून जाऊ नका, बरोबर न्या. ज्या कारखान्यावर असाल, तिथल्या जवळच्या आरोग्य केंद्रात ते दाखवा. राहिलेला डोस तिथंही मिळतो.

आता लक्षणं पुन्हा एकदा, सावकाश सांगतो. जोराचा ताप, कधी नव्हे असं डोकं दुखणं, उलट्या, उजेड सहन न होणं, मान ताठणं, हनुवटी छातीला न टेकणं. गुंगी, बरळणं, झटके. यातलं सगळं एकाच वेळी असेलच असं नाही. तापाबरोबर गुंगी किंवा ताठ मान दिसली, की पुरे. तान्ह्या बाळाची मान बऱ्याचदा ताठत नाही. त्याची खूण टाळूवर असते. हगवणीनं पाणी कमी झालं की टाळू खोल जाते, हे प्रत्येक आईला ठाऊक असतं. इथं उलट होतं: बाळ शांत असतानाही टाळू फुगून ताणलेली लागते. बाळ दूध ओढत नाही, चिरक्या आवाजात रडतं, उचललं की आणखी रडतं, किंवा अगदीच मलूल पडतं. बाळाचं अंग कधी तापण्याऐवजी गारही पडतं.

आणखी एक खूण. अंगावर लालसर-जांभळे ठिपके उठले, तर काचेचा पेला त्यावर दाबून बघा. काचेखालीही ठिपका तसाच दिसला, फिका पडला नाही, तर एक मिनिट थांबू नका. सावळ्या कातडीवर ठिपके लवकर दिसत नाहीत. तळपाय, तळहात, पापणीची आतली बाजू पाहा. हे रक्तात विष भिनल्याचं लक्षण असू शकतं. पण ठिपके नाहीत म्हणून निर्धास्तही राहू नका, कारण पुष्कळांना ते येतच नाहीत.

अशा वेळी १०८ला फोन करा आणि मोठा दवाखाना गाठा. उद्या सकाळी बघू, म्हणू नका. मेडिकलमधून दोन-चार प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून देऊ नका. अर्धवट औषधानं लक्षणं झाकली जातात आणि आजार आत वाढत राहतो. दुआ करा, अंगारा लावा, ज्याची जी श्रद्धा असेल ती ठेवा. मी स्वतः दुआ मागणारा माणूस आहे. पण ती दवाखान्याच्या वाटेवर मागा. रोग मेनिंगोकॉकसचा निघाला, तर घरातल्या आणि अगदी निकट सहवासातल्या माणसांनाही डॉक्टर प्रतिबंधक औषध देतात. ते चुकवू नका.

शेवटी पुन्हा माझ्या बहिणीकडे येतो. दवाखान्यातून आल्यावर ती हाक मारली तरी वळत नसे. अम्मी चिडून म्हणे, "ये लडकी सुनतीच नै!" शेजारीणही म्हणे, "लाडानं बिघडली, आता कुणाचं ऐकत नाही." आपल्या मराठीत काय नि दखनीत काय, न ऐकणं म्हणजे हट्ट करणं आणि न ऐकणं म्हणजे बहिरेपण, दोन्हींना शब्द एकच. तीन महिने तिनं बोलणी खाल्ली, क्वचित मारही. तिला काही ऐकूच येत नाही हे ज्या दिवशी अम्मीला कळलं, त्या दिवशी चूल पेटली नाही. सही एक दिवस आधी केली असती, गावातून दोन दिवस आधी निघालो असतो, तर तिचे कान वाचले असते का? खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. पण अब्बा मरेपर्यंत हा प्रश्न स्वतःला विचारत राहिले. तो प्रश्न दुसऱ्या कुणा बापाच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी आज बोललो.

बहिणीचं लग्न झालं, तिला दोन मुलं आहेत, ती उत्तम शिवणकाम करते. हे भाषण ती ऐकू शकणार नाही, म्हणून त्याचा कागद आधी तिलाच वाचायला दिला. तिनं तो दोनदा वाचला आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं: 'कानाचं नीट सांग.'

तेवढं सांगतो आणि थांबतो. या आजारातून रोगी उठला, की घरी नेण्याआधी किंवा त्यानंतरच्या चार आठवड्यांच्या आत त्याच्या कानांची तपासणी करून घ्या. मूल कितीही लहान असो, यंत्रावर ती होते. कानाच्या आतल्या शंखाच्या जागी काही आठवड्यांत हाड धरू लागतं. त्याआधी कळलं तर यंत्र बसवून ऐकू येण्याची आशा असते. आणि आजारातून उठलेलं मूल हाकेला वळलं नाही, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याच्या मागं उभं राहून एकदा टाळी वाजवून बघा.